टिल्लूचा ऐवज

९ जानेवारी

टिल्ल्या,

वर ‘अनेक आशीर्वाद’ असं लिहून खोडलं. सहा वर्षं ज्याने आपलं तोंड पाहिलं नाही त्याला आशीर्वाद पाठवायचे म्हणजे बळेच गळ्यात पडल्यासारखं होतं. पण ते त्या रेघेखाली आहेत. हवे असले तर वाचून घे.

पत्र बघून चक्रावला असशील. फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला तर एकच खूण येते, म्हणजे मला बंद करून ठेवलंयस. पोस्टमनला काही तुला बंद करता येत नाही, म्हणून हा मार्ग. पत्ता तुझ्या लेकीने दिला. तिला रागावू नकोस. “आत्या, मी दिला म्हणून सांगू नकोस हं,” म्हणाली होती आणि मी पहिल्याच पत्रात सांगून मोकळी झाले. बघ, तुझी बहीण बदलली. हल्ली सगळं सांगते.

काम एकच आहे. येत्या महिन्याभरात तू मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घे. तू एकोणपन्नास वर्षांचा झालास. बाबा याच दुखण्याने गेले. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झालाय त्यांनी चाळिसाव्या वर्षीच तपासून घ्यावं असं डॉक्टर सांगतात, म्हणजे तू आधीच नऊ वर्षं उशिरा आहेस. मी माझी करून घेतली. काही निघालं नाही. अर्ध्या तासाचं काम, कळतसुद्धा नाही.

बस, एवढंच. माझ्याशी बोलायची गरज नाही. तपासणी कर आणि पुन्हा माझं नाव टाकून दे.

माझं ठीक चाललंय. चौथ्या मजल्यावर तीच जागा, तीच खिडकी, समोर तोच पाण्याच्या टाक्यांचा देखावा. आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये कुरकुरते. कंपनीचा माणूस येतो, तेल सोडतो, सही घेतो, जातो. आठवड्याने पुन्हा कुरकुर. तू असतास तर नुसता कान लावून सांगितलं असतंस कुठे काय घासतंय ते. पण तू कशाला असशील.

ताई


२४ जानेवारी

टिल्ल्या,

पोचपावती आली. सही बघताक्षणी ओळखली. शेवटच्या अक्षराला ती लांबलचक शेपटी अजून काढतोस. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मारायला शिकलास तेव्हापासूनची ती शेपटी. सहा वर्षांत तुझ्याकडून आलेली पहिली वस्तू म्हणून पावती टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. हसू नकोस.

पत्र उघडलंस की तसंच कोपऱ्यात फेकलंस, माहीत नाही. उघडलं असशील असं धरून चालते. आता तुला कशाची धास्ती वाटत असेल ते मीच सांगून टाकते, कारण तुझी हाडं मला माहीत आहेत. लिफ्टच्या खोल खड्ड्यात एका दोराच्या भरवशावर उतरशील, पण दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की पळून जाशील.

आदल्या दिवशी पातळ खायचं. मग एक खारट पाणी देतात, ते लिटर-लिटरने प्यायचं. मग तू आणि तुझा संडास, यांच्यामध्ये कोणी येणार नाही एवढं बघायचं. दुसऱ्या दिवशी भूल देतात, तू घोरतोस, ते आत बघून घेतात. एखादा मोड आलेला दिसला, म्हणजे आतल्या अस्तरावर चामखिळीसारखी वाढ, तर तिथल्या तिथे कापून काढतात. पुढे त्याचा कर्करोग व्हायचा असेल तर तो होतच नाही, कारण तो मोडच राहिलेला नसतो. आणि लाजू नकोस बाबा. आई गेली तेव्हा तू दीड वर्षाचा होतास आणि मी साडेअकराची. तुझं ढुंगण मी धुतलंय. जगात कुणाची लाज बाळगायची ती बाळग, या बाबतीत माझी नको.

भूल उतरल्यावर घरी न्यायला सोबत कोणीतरी लागतं, नाहीतर ते तारीखच देत नाहीत. तुला त्याची काय चिंता! बायको आहे, लेक आहे.

तू नेहमी विचारायचास, “ताई, दिवसभर लोकांच्या शीमध्ये नाक खुपसून तुला मिळतं तरी काय?” मी चिडून डबा बंद करायचे. आज सांगते. आपल्या आतड्यात जिवाणूंचं अख्खं गाव नांदतं. बहुतेक सगळे गरीब, आपण बरं की आपलं काम बरं असे; कोणी अन्नाचा चोथा पचवतं, कोणी जीवनसत्त्व बनवतं. पण गाव म्हटलं की दोन-चार उपद्रवी आलेच. एक जात अशी आहे की ती पेशीच्या आतल्या जनुकांच्या धाग्यांना चिरा पाडणारं विष तयार करते. दुसरा एक आहे, त्याचं खरं घर तोंडात, हिरड्यांपाशी. दोन्ही टोकांना निमुळता, म्हणून प्रयोगशाळेत आम्ही त्याला टाचणी म्हणतो. हा टाचणी मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये पुन्हापुन्हा सापडतो. गाठीला चिकटून बसतो, पेशींना भराभर वाढायला उचकवतो आणि शरीराचे पहारेकरी तिकडे फिरकणार नाहीत अशी तजवीज करतो. तोच गाठ सुरू करतो, की आधीच वाढणाऱ्या गाठीवर येऊन बस्तान मांडतो, यावर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, मोठे सर, अजून वाद घालतात. सर म्हणतात, संशय दाट आहे, निकाल लागलेला नाही. टाचणी निरोगी माणसातही कधीकधी असतो, हेही खरं.

यातल्या बऱ्याच जणांना हवा लागली की ते मरतात. म्हणून त्यांना बिनहवेच्या काचपेटीत वाढवायचं. पेटीला दोन रबरी हातमोजे बसवलेले असतात. बाहेर बसून त्यांत हात घालायचे आणि आतलं काम करायचं. पस्तीस वर्षांत माझे हात त्या मोज्यांत जेवढे गेले तेवढे कुणा माणसाच्या हातात गेले नसतील. असो.

मार्चअखेर मी रिटायर होते. सध्या जुने फ्रीझर रिकामे करायचं काम माझ्या गळ्यात आहे. एकेक खोका काढायचा, यादीशी ताडायचा, नष्ट करायला पाठवायचा. काहीबाही सापडतं. ते पुन्हा कधी.

तारीख घेतलीस का? लेकीकरवी एक शब्द कळव. ‘हो’ एवढाच.

ताई


११ फेब्रुवारी

टिल्ल्या,

या वेळच्या पावतीवर तुझ्या बायकोची सही. म्हणजे पत्र तिनेच ठेवून घेतलं असेल तर तिला माझा नमस्कार आणि ही विनंती: याला कान धरून दवाखान्यात ने.

आणि तू वाचत असशील तर ऐक, आता मी चिडले आहे. लिफ्ट चांगली चालत असताना तपासायची असते, बंद पडल्यावर तपासून काय उपयोग, हे तूच मला ऐकवायचास. दुसऱ्यांच्या लिफ्टच्या दोरांवरून बोट फिरवतोस, चार तारा तुटलेल्या लागल्या तर अख्ख्या इमारतीला जिने चढायला लावतोस. लोक शिव्या घालतात तरी ढिम्म हलत नाहीस. आणि स्वतःच्या आत काय चाललंय ते बघायला तुला वेळ नाही? की ताईने सांगितलं म्हणून करायचं नाही?

माझा राग आहे, तो खुशाल ठेव. मी कधी म्हटलं सोड म्हणून? राग आणि तपासणी दोन्ही एकाच वेळी करता येतं. त्या टेबलावर माझ्यावर दातओठ खात झोप.

शुक्रवारी नव्या डॉक्टरने एका जुन्या नमुन्याचा निकाल माझ्या हातात ठेवला. ही पोरगी मोठ्या सरांच्या हाताखाली नवीन आली आहे, हुशार आहे. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल अंडं उकडायला ठेवलं आणि पाणी आटून भांडं काळं झालं. शेजारच्यांनी दार वाजवलं तेव्हा कळलं.

तू फक्त जा. मी कारण सांगत बसले तर तुला आवडणार नाही आणि मलाही.

ताई


२ मार्च

टिल्ल्या,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. तीन फाडली. हेही फाडायच्या आत पाकिटात घालणार आहे, त्यामुळे वेडंवाकडं असलं तर चालवून घे.

आधी खोटं काय बोलले ते. माझी तपासणी झालेली नाही. तू मनावर घ्यावंस म्हणून ठोकून दिलं. का झाली नाही ते सोड.

आता खरं. तू तीन वर्षांच्या कामावर लांब निघालास, त्याच्या आदल्या दिवशी मला भेटायला प्रयोगशाळेत आला होतास. सात वर्षं झाली. नवं जाकीट घातलं होतंस, ते खांद्यात सैल होतं. मी म्हटलं, “आमच्या पाहणीसाठी निरोगी माणसं मिळेनात. लोक रक्त देतात, हे द्यायला नको म्हणतात.”

“निरोगी माणूस हवाय ना तुला? हा काय, समोर उभा आहे.”

“अरे, गंमत नाही करत. खरंच देशील?”

“ताई, तुला आजवर कधी काही दिलं नाही. हे घेऊन जा.”

डबी घेऊन गेलास आणि वीस मिनिटांनी वाढदिवसाची भेट आणावी तशी दोन्ही हातांनी आणून ठेवलीस. माझ्यासोबतची झाडणारी मावशी हसून हसून खाली बसली. मी तुझ्यासमोरच त्याच्या दोन नळ्या केल्या. क्रमांक एकतीस. एक लगेच वाढवायला, एक राखीव, फ्रीझरसाठी. नळीवर नाव लिहायचं नसतं, फक्त आकडा. पण तू चिकटपट्टीचा तुकडा फाडलास, त्यावर ‘टिल्लूचा ऐवज. जपून ठेवणे’ असं लिहिलंस आणि राखीव नळीच्या बुचावर चिकटवलास. मी ओरडले, पण काढला नाही. तुझ्या देखतच ती नळी फ्रीझरमध्ये गेली.

मग तू निघालास. लिफ्ट येईना म्हणून बटण दाबत उभा होतास. काचेच्या दारातून मला दिसत होतास. तेवढ्यात फोन वाजला. बाबांचे रिपोर्ट. आपण सगळेच मूळव्याध समजून बसलो होतो ना, मी आपली खात्रीसाठी तपासण्या करायला लावल्या होत्या. पलीकडची बाई ओळखीची, म्हणून हळू आवाजात सांगत होती. आतड्यात मोठी गाठ आहे, यकृतावरही दिसतंय. मी ‘हो, हो’ करत होते. तू काचेतून हात हलवलास. मीही हलवला. लिफ्ट आली आणि तू गेलास.

म्हणजे तू समजतोस तसं आठवड्याने नाही, मला त्याच क्षणी माहीत होतं. मी हाक मारू शकत होते. तू दहा पावलांवर होतास.

रात्री बाबा म्हणाले, “टिल्लूला कळवायचं नाही. तो काम सोडून आला तर मी औषध घेणार नाही.” एवढी वर्षं मी मनात हेच घोकलं, बाबांनीच सांगितलं होतं. पण ते रात्री म्हणाले. हात मी चार वाजताच हलवला होता. मला तुझा चेहरा उतरलेला बघायचा नव्हता, एवढंच खरं. पुढचे दहा महिने तू फोनवर विचारायचास आणि मी सांगायचे, छोटी गाठ होती, ऑपरेशन झालं, भूक लागते आहे. तू आलास तेव्हा बाबांना नेऊन दोन दिवस झाले होते. “दहा महिने बनवलंस मला,” एवढंच म्हणालास आणि बॅग न उघडता परत गेलास. तुझं काही चुकलं नाही.

आता नळीचं ऐक. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी पुन्हा कामाला बसले. दुसरं काय करणार होते? वाढवायच्या नळ्यांमध्ये तीस क्रमांक एका कर्करोगाच्या रुग्णाचा आणि एकतीस तुझा, शेजारीशेजारी. लक्ष सगळं त्या फोनकडे होतं. काही दिवसांनी जिवाणू वाढवायच्या ताटल्या बघते तर तुझ्या ताटलीत टाचणी माजलेला. रुग्णाच्या ताटलीत अगदी थोडा. मी म्हटलं, झालं, अदलाबदल केलीस बाई. माझा भाऊ ठणठणीत, त्याच्याकडे हे कुठून येणार! वहीत लाल शाईने लिहिलं: ‘नमुन्यांची अदलाबदल. माझी चूक. दोन्ही रद्द.’ खाली सही. पस्तीस वर्षांतली माझ्या नावावरची एकच लाल ओळ. मोठे सर म्हणाले, “घरी अडचण आहे, होतं असं,” आणि विषय संपला. कुणी म्हणून ती ओळ पुन्हा बघितली नाही. राखीव नळी काढून ताडून बघायला अर्धा दिवस लागला असता. मला तेव्हा अर्धा दिवस नव्हता, बाबांना घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. नंतर विसरले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्रीझर रिकामा करताना खोक्यातून ती राखीव नळी वर आली. बर्फ पुसला तर तुझं अक्षर. पुसताना मोज्याला चिकटून पट्टीचं एक टोक सुटलं होतं. ते दाबून बसवलं. त्या नळीची अदलाबदल होणं शक्यच नाही. तू बूच लावलंस, तू पट्टी लावलीस, आत ठेवताना आपण दोघं होतो. नव्या डॉक्टरला म्हटलं, ही एकदा तपासून दे. फेब्रुवारीत त्या शुक्रवारी निकाल आला तो हाच. टाचणी आहे आणि भरपूर आहे. तेव्हाही होता. मी काही चुकले नव्हते, टिल्ल्या. चुकले असं लिहून मी ते खोडून टाकलं.

नियमाने मला हे तुला सांगता येत नाही. नवी डॉक्टर म्हणाली, “हा संशोधनातला निकाल आहे, रोगाचं निदान नाही. वडिलांचा आजार एवढं कारण तपासणीला पुरेसं आहे. नळीचं कशाला बोलता?” तिचं बरोबर आहे. मी ते कारण तुला तीनदा दिलं आणि तू हललास का? आणि एकदा मला माहीत असून मी तुझ्यापासून लपवलेलं आहे. पुन्हा तेच करत काचेआड उभी राहू का?

पुन्हा सांगते, यावरून तुला काही झालंच आहे असं होत नाही. तुझ्या हिरड्या तरी कुठे धड आहेत, नुसता तिथूनही पोटात गेला असेल. पण मोडाचा कर्करोग व्हायला बहुतेक वेळा बरीच वर्षं लागतात, दहासुद्धा लागतात. तुझी सात वर्षं माझ्या लाल शाईखाली गेली. उरलेल्या वेळात जा. पाया पडते.

ताई


१ एप्रिल

टिल्ल्या,

पावती आली. सही तुझीच, पण शेपटी नाही. बाकी तुझ्याकडून काही नाही.

काल माझा शेवटचा दिवस झाला. केक कापला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. मोठ्या सरांनी भाषणात मला ‘प्रयोगशाळेचा कणा’ म्हटलं आणि मग माझ्या कामाला सुरुवात केल्याचं वर्ष चुकीचं सांगितलं. झाडणारी मावशी मात्र रडली. मला म्हणाली, “ताई, आता डबा कुणासमोर उघडू?” मी काहीतरी विनोद केला. घरी येईपर्यंत तो विनोद काय होता ते आठवेना.

आज सकाळी सवयीने साडेसहाला आवरून तयार झाले. चप्पल घालून दारात उभी राहिले, मग लक्षात आलं. परत येऊन खुर्चीत बसले ती अकरापर्यंत. घड्याळ अजून खोक्यातच आहे. खिळा ठोकायला स्टुलावर चढायचं तर कोणीतरी स्टूल धरायला हवं.

लिफ्टचा आवाज आला की मी मोजते. तिसऱ्यानंतर कुरकुरली तर आमच्या मजल्यावर कोणीतरी येतंय. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत. दिवसभरात नऊ वेळा कुरकुरली. माझ्या दारी कोणी आलं नाही, येणार तरी कोण.

तुला लिहिलं होतं की माझी तपासणी का झाली नाही ते सोड. सांगूनच टाकते, आता लपवायला काही उरलंच नाही. मी तीनदा तारीख घ्यायला गेले. अर्जात एक रकाना असतो: सोबत येणाऱ्या व्यक्तीचं नाव, नातं, फोन. पहिल्यांदा मी नव्या डॉक्टरचं नाव टाकणार होते, मग वाटलं, तिला कशाला अवघडल्यासारखं. दुसऱ्यांदा म्हटलं, रिकामा ठेवला तर चालेल का? खिडकीतला कारकून म्हणाला, “बाई, कोणीतरी असेलच की.” तिसऱ्यांदा अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि घरी आले. तो अजून तिथेच आहे. जी बाई तुला तीन महिने उपदेश पाजतेय तिची ही कथा. हवं तर हस.

माझं राहू दे. मी साठीची झाले. तुझी लेक अजून शिकतेय. तू गेलास का, टिल्ल्या? गेला नसलास तर पत्र मिळताच जा. गेला असशील तर काय निघालं ते मला कळणार नाही, आणि तेही मी सोसेन. पण जा.

ताई


२३ एप्रिल

टिल्ल्या,

मंगळवारी दुपारी लिफ्ट कुरकुरली आणि माझं दार वाजलं. पोस्टमन. जाड पाकीट, पाठवणाऱ्याचं नाव नाही. पत्ता तुझ्या अक्षरात.

आत पत्र शोधलं. पाकीट उलटं करून झटकलं. पत्र नव्हतंच, तुझा रिपोर्ट होता. उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला, मग चष्मा पुसून वाचला. दोन मोड काढले. एक बारका. दुसरा चांगला बोरभर. त्यातल्या पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण बिघाड मोडातच होता, खाली उतरलेला नाही. पूर्ण निघाला. कर्करोग नाही. तीन वर्षांनी पुन्हा बघायचं.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मोठ्याने रडले. नळ कशाला सोडला कुणास ठाऊक, ऐकणारं होतं कोण? बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते, तू येईपर्यंत थांबले होते. मग तू आलास आणि गेलास, आणि ते राहूनच गेलं होतं.

पान उलटं केलं ते दुसऱ्या दिवशी. मागे पेन्सिलीने लिहिलेलं तोवर दिसलंच नव्हतं: ‘तुझी कधी? रकान्यात माझं नाव घाल. बोलणार नाही. नुसता बसेन.’

काल गेले. पर्समधली घडी उलगडली, तीच कारकुनाच्या पुढे ठेवली. सोबत येणाऱ्या व्यक्तीचं नाव: शाळेतलं पूर्ण नाव लिहिलं, टिल्लू चालणार नाही म्हणून. नातं: भाऊ. फोन: पाठ आहे. कारकून म्हणाला, “नंबर चालू आहे ना?” मी म्हटलं, हो, चालू आहे. त्या नंबरवर माझा फोन लागत नाही, हे त्याला सांगायची काही गरज नव्हती.

तारीख सहा मे मिळाली. सकाळी आठला. दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर ये. तिथलीही लिफ्ट आवाज करते, पण हत्यारं आणू नकोस, त्यांना आवडणार नाही. बसायच्या खुर्च्या कडक आहेत. पाठीला लावायला काहीतरी आण. मला तास-दोन तास लागतील. डब्यात तुझ्यासाठी सँडविच ठेवते. मला खायला बंदी आहे, तुला नाही. नाही बोललास तरी चालेल, मी भुलीतच असणार.

माझ्यात काही निघालं तर निघालं. ते तुला त्याच दिवशी कळेल, मला कळेल त्याच वेळी. डॉक्टरांना तसं सांगून ठेवलं आहे.

आत बोलवेपर्यंत मी लिफ्टसमोरच्या बाकावर बसून राहीन. दार उघडलं आणि तू दिसलास की या वेळी नुसता हात हलवणार नाही. हाक मारणार आहे.

ताई